दुसरा फ्लॅट घेताय? मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या गृहकर्ज विभागात मी २६ वर्षं काढली. त्यामुळे लग्नात, बारशाला, अगदी तेराव्यालाही कोणीतरी कोपऱ्यात घेऊन विचारतंच, "काका, एक फ्लॅट बघितलाय, घेऊ का?" तीच तीच उत्तरं देऊन थकलो, म्हणून हे लिहून काढलं. हिशोब पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे आहेत. कायदे राज्यभर सारखेच, मुद्रांकाचा टक्का मात्र शहरानुसार बदलतो. आणि हे सगळं गुंतवणुकीच्या घराबद्दल आहे. स्वतः राहायला घर घेणाऱ्याला मी कधीच हिशोब विचारत नाही. त्याने मुलांची शाळा आणि बायकोचं ऑफिस बघावं.

मावशीने २००४ मध्ये ९ लाखाला घेतलेला फ्लॅट आज ६० लाखाचा आहे. याहून चांगली गुंतवणूक कुठली?

२१ वर्षांत ९ चे ६० म्हणजे वर्षाला साधारण साडेनऊ टक्के. वाईट नाही, पण ऐकताना वाटतं तेवढं अचाटही नाही. त्यातून मावशीने भरलेलं व्याज, मिळकतकर, मेंटेनन्स, दोनदा बदललेलं प्लंबिंग आणि एकदा गळलेली गच्ची वजा करा. या खर्चाची वही कोणी ठेवत नाही. घेतल्याची आणि विकल्याची किंमत मात्र प्रत्येकाच्या जिभेवर असते. त्यात तोट्यात गेलेली मावशी लग्नात गप्प बसते, म्हणून आपल्याला फक्त फायद्याच्याच गोष्टी ऐकू येतात.

भाड्यातून हप्ता निघेल ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून आकडे मांडूनच दाखवतो.

वाकड-रावेत पट्ट्यातला तयार टू बीएचके धरा. रीसेल, किंमत ८० लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी ३० हजार, एजंट १ टक्का म्हणजे ८० हजार. वकील, रंग, खिडक्यांच्या जाळ्या, पंखे, गिझर मिळून सव्वा-दीड लाख. घर पडलं ८८ लाखाला. ६० लाख कर्ज काढलं, २८ लाख स्वतःचे घातले.

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता होतो ५२,०६९ रुपये.

भाडं २४ हजार. वर्षात सरासरी एक महिना घर रिकामं राहतं, म्हणून ११ महिन्यांचं धरू: २ लाख ६४ हजार. त्यातून मेंटेनन्सचे ४२ हजार, मिळकतकराचे १४ हजार आणि एजंट, रंग, बारीकसारीक दुरुस्तीचे २५ हजार गेले. हाती उरले १ लाख ८३ हजार, महिन्याला १५,२५०. घातलेल्या ८८ लाखांवर हे दोन टक्क्यांच्या जरासं वर. पोस्टातलं बचत खातं वर्षाला चार टक्के देतं आणि त्याचा नळ गळत नाही.

हप्त्यातून हे वजा केलं तरी दर महिन्याला खिशातून ३६,८०० रुपये जातात. त्यातले सुरुवातीला साडेनऊ हजारच मुद्दल फेडतात, बाकी व्याज.

पण किंमत वाढेल की! फायदा तिथेच असतो ना?

बरोबर. मग तोच फ्लॅट पाच वर्षांनी १ कोटी ५ लाखाला विकू. ८० चे १०५, चारचौघांत सांगायला छान आकडा.

विक्रीच्या एजंटचे एक लाखाच्या वर गेले. भांडवली नफ्यावरचा कर साधारण सव्वादोन लाख. हाती आले १ कोटी १ लाख ७० हजार. बँकेचं अजून ५२ लाख ८८ हजार देणं बाकी आहे, कारण पहिल्या पाच वर्षांत मुद्दल हलतच नाही. ते फेडून उरले ४८ लाख ८० हजार.

आणि तुम्ही घातले किती? सुरुवातीचे २८ लाख, शिवाय ६० महिने ३६,८०० प्रमाणे २२ लाख. एकूण ५० लाख. भाडं दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढलं असतं तर जेमतेम बरोबरी झाली असती.

किंमत २५ लाखांनी वाढली आणि फायदा शून्य. गृहकर्जाच्या टेबलावर मी हे कितीतरी लोकांना मांडून दाखवलं. निम्म्यांनी तरीही घेतला. त्यांची हरकत नव्हती, माझी तर नव्हतीच. बँक मला कर्ज द्यायचाच पगार देत होती.

मग घेऊच नये का?

घ्या, पण त्याला धंदा समजून घ्या. दुसऱ्या फ्लॅटला गिऱ्हाईक (भाडेकरू) लागतं, माल (घर) सांभाळावा लागतो, सरकारी कागद लागतात, आणि धंदा मंदा असला तरी खर्च चालू राहतो. कर्ज कमी असेल, १२-१५ वर्षं थांबायची तयारी असेल आणि हप्ता भरून घरात ताण येत नसेल तर गणित जमतं. मुद्रांक, दलाली आणि वरच्या किरकोळ खर्चांत सुरुवातीलाच दहा टक्के जातात, तेव्हा दोन-तीन वर्षांत विकायचं असेल तर घेऊच नका.

बांधकाम चालू असलेला घ्यावा की तयार?

तयार मिळत असेल तर तयार. भोगवटा प्रमाणपत्र (सगळे ओसी म्हणतात) मिळालेल्या घरावर जीएसटी नाही. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांना १ टक्का. पुण्यात परवडणारं घर म्हणजे कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत. मुंबई महानगरात हीच मर्यादा ६० चौरस मीटर आहे. शिवाय तयार घराला भाडं लगेच सुरू होतं, आणि हवा-उजेड-पाणी डोळ्यांनी दिसतं. सॅम्पल फ्लॅटमध्ये कधीही पलंग नीट मोजा. तो मुद्दाम छोटा बनवलेला असतो, खोली मोठी दिसावी म्हणून.

मी स्वतः २०१२ साली बांधकाम चालू असलेल्या इमारतीत बुकिंग केलं होतं. पझेशन ठरल्यापेक्षा सव्वादोन वर्षांनी मिळालं. त्या काळात घरचं भाडं आणि कर्जाचं प्री-ईएमआय व्याज (पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत भरायचं नुसतं व्याज) दोन्ही भरलं. बिल्डरच्या ऑफिसात दर दिवाळीला मिठाईचा डबा मिळायचा आणि "पुढच्या गुढीपाडव्याला नक्की" हे वाक्य.

रेरा आल्यावर हे बंद झालं ना?

कमी झालं, बंद नाही. रेरा हा बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, आणि त्याखालचं राज्याचं प्राधिकरण म्हणजे महारेरा. ते १ मे २०१७ पासून सुरू झालं. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल आणि घरं आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. "प्री-लाँच रेट आहे, रेरा नंबर पुढच्या महिन्यात येतोय, आत्ता फक्त चेक द्या" असं कोणी म्हणालं की चेकबुक खिशातच राहू द्या.

तुम्हाला उपयोगी पडतील अशा तरतुदी सांगतो. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. पझेशननंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती त्याने करून द्यायची. ताबा लांबला तर तुम्ही व्याजासह पैसे परत मागू शकता, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत महिन्याला व्याज मागू शकता. दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेचा कर्जासाठीचा पायाभूत दर) दोन टक्के जास्त.

आदेश मिळणं आणि पैसे मिळणं या मात्र दोन गोष्टी आहेत. वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकारी कचेरीत जातं आणि तिथे रांग असते. म्हणून रेरा नंबर आहे एवढ्यावर समाधान मानू नका, महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. जाहिरातीवर क्यूआर कोड असतोच, तो स्कॅन केला की झालं. तिथे मी तीन गोष्टी बघतो: पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे, किती घरं विकली गेली आहेत, आणि जमिनीवर कोणता बोजा किंवा दावा आहे का. सेल्स ऑफिसातला मुलगा "सर, फक्त चारच उरलेत" म्हणत असतो आणि पानावर निम्मी इमारत रिकामी दिसते.

९०० फुटांचा फ्लॅट म्हणाले, करारनाम्यात ५८ लिहिलंय. हे काय?

५८ चौरस मीटर, कार्पेट. गुणिले १०.७६४, म्हणजे ६२४ चौरस फूट. बाकीचे पावणेतीनशे फूट जिना, लिफ्ट, लॉबी आणि भिंती यांचा तुमच्यावर टाकलेला वाटा. त्याला बाजारात लोडिंग म्हणतात. कायद्याप्रमाणे विक्री कार्पेटवरच होते.

तुलना करतानाही कार्पेटचाच भाव काढा. ८० लाख भागिले ९०० केलं की ८,८८९ रुपये येतात आणि स्वस्त वाटतं. भागिले ६२४ केलं की १२,८२० येतात. शेजारच्या इमारतीत लोडिंग कमी असेल तर तिथला "महाग" फ्लॅट प्रत्यक्षात स्वस्त निघतो.

मेट्रो येतेय, विमानतळ येतोय, रिंग रोड येतोय. आत्ताच घेतलं तर?

नवी मुंबई विमानतळाला केंद्राची मंजुरी मिळाली २००७ मध्ये. भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला. मंजुरीची बातमी वाचून उलवे-पनवेलकडे फ्लॅट घेतलेल्या माणसाचं पोरगं तोवर इंजिनिअर झालं. पुरंदरच्या विमानतळाची चर्चा २०१६ पासून आहे.

प्रकल्प होत नाहीत असं मी म्हणत नाही. पण त्याची बातमी भावात पहिल्याच दिवशी येते आणि प्रकल्प यायला वेळ लागतो. मधली वर्षं तुमचं व्याज चालू असतं. मी विचारतो, आज, या घडीला, या इमारतीत भाडेकरू कोण येईल? तो कुठे नोकरी करतो, आणि तिथे पोचायला त्याला किती वेळ लागतो? याचं उत्तर नसेल तर नकाशावरची ठिपक्या-ठिपक्यांची रेषा कामाची नाही.

जागा बघायला कधी जावं?

रविवारी दुपारी सगळे जातात, तेव्हा सगळंच छान दिसतं. तुम्ही मे महिन्यात, कामाच्या दिवशी, सकाळी साडेसहाला जा. गेटवरच्या वॉचमनला चहा पाजा आणि विचारा, "टँकर किती येतात हो?"

वाघोली, उंड्री, पुनावळे, बालेवाडीच्या काही भागांत हा प्रश्न भावापेक्षा मोठा आहे. मी एकदा असाच उभा होतो. वॉचमन म्हणाला, "उन्हाळ्यात अकरा-बारा. पावसाळ्यात पाच-सहा." म्हटलं, पावसाळ्यातही? तर हसला आणि त्याने रजिस्टरच पुढे केलं. टँकरचा नंबर, वेळ, सही, पानंच्या पानं भरलेली. सेल्स ऑफिसात त्याच सोसायटीचं मेंटेनन्स "फुटाला अडीच रुपये" असं सांगत होते. टँकरचं बिल त्यात नव्हतंच.

मग संध्याकाळी सात वाजता परत एकदा जा, हिंजवडीकडून. तेवढ्यावर बराच निर्णय होतो.

रीसेलमध्ये कागद कोणते बघायचे?

वकील करा. पाच-पंधरा हजारांसाठी ८० लाखांचा जुगार खेळू नका. तरी तुम्हाला स्वतःला कळायला हवं म्हणून सांगतो.

पहिल्या मालकापासून आजच्या मालकापर्यंत करारनाम्यांची साखळी अखंड हवी, आणि प्रत्येकाची सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा). नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर ती तुम्ही घरबसल्या शोधू शकता. सोसायटीचं भागप्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, ओसी. विक्रेत्याचं कर्ज असेल तर बँकेकडून मूळ कागदांची यादी आणि बाकी रकमेचं पत्र. सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेअन्स) झालंय का तेही विचारा. झालं नसेल तर जमीन कागदोपत्री अजून बिल्डरची किंवा मूळ मालकाची आहे, आणि उद्या पुनर्विकासाच्या वेळी तो दारात उभा राहतो. बिल्डर करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहीशिवाय, सरकारी आदेशाने) मार्ग आहे, पण तो सोसायटीने चालायला हवा.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते वारसाच्या भानगडीत. वडील वारले, भागप्रमाणपत्रावर नॉमिनी म्हणून धाकट्या मुलाचं नाव चढलं, आणि तो विकायला निघाला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो सांभाळणारा. मृत्युपत्र नसेल तर आई, भाऊ, लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणी, सगळ्यांचा हक्क आहे. त्या सगळ्यांनी विक्रीच्या दस्तावर सह्या करायला हव्यात किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायला हवं. "ताईची काही हरकत नाही हो, ती अमेरिकेत असते" या वाक्यावर मी कधीही कर्ज मंजूर केलं नाही.

नोटरी केलेला करार चालेल का? मुद्रांकाचे तीन लाख वाचतात.

नाही. नोटरीमुळे सही कोणाची एवढंच कळतं, मालकी मिळत नाही.

गावाबाहेर गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट स्वस्त मिळतायत. ते कसे?

शेतजमीन महाराष्ट्रात शेतकऱ्यालाच घेता येते, आणि तुकडेबंदी कायद्यामुळे तिचे लहान तुकडे पाडून विकण्यावर बंधनं आहेत. म्हणून दहा अनोळखी लोकांची नावं एका सातबाऱ्यावर सामाईक चढवतात आणि चुन्याच्या रेघा मारून "हा तुमचा" म्हणतात. रेघ पहिल्या पावसात जाते. मग उरतात दहा मालक आणि एक सातबारा. मंजूर ले-आउट आणि बिनशेती आदेश असलेला प्लॉटच बघा. महाग असेल, असू दे.

बायकोच्या नावाने घेतलं तर फायदा असतो म्हणे?

घर फक्त स्त्रीच्या (किंवा सगळ्या खरेदीदार स्त्रियाच असतील तर त्यांच्या) नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ८० लाखांवर ८० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. आणि पैसे पूर्ण नवऱ्याचे असतील तर प्राप्तिकर खातं भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतं, हेही लक्षात ठेवा. वहिनींना ही दुसरी बाजू सांगायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

थोडी रक्कम रोख मागतायत. सगळेच देतात ना?

देतात, आणि नंतर पस्तावतात. रोख दिलेली रक्कम तुमच्या खरेदीकिमतीत दिसत नाही, त्यामुळे उद्या विकताना तेवढा नफा जास्त दिसतो आणि कर तुम्हाला बसतो. म्हणजे विक्रेत्याचा कर तुम्ही भरलात. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. आणि कागदावरची किंमत रेडी रेकनरच्या मूल्यापेक्षा (सरकारने त्या भागासाठी ठरवलेला भाव) दहा टक्क्यांहून जास्त फरकाने कमी असेल तर तो फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरून त्यावर कर लागतो.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस कापून भरायचा आहे, हे बरेच जण विसरतात. विक्रेता अनिवासी असेल तर तो एक टक्का चालत नाही, कितीतरी जास्त कापावा लागतो. दुबईच्या किंवा न्यू जर्सीच्या माणसाकडून घेत असाल तर टोकन देण्याआधी सीएकडे जा.

दोन-तीन वर्षांत विकायचं ठरलं तर मुद्रांक शुल्क फुकट गेलं का?

बिल्डरकडून थेट घेताना करारनाम्यात "गुंतवणूकदार" म्हणून योग्य कलम घातलं असेल तर तीन वर्षांच्या आत पुढे विकताना आधी भरलेलं शुल्क समायोजित करून मिळू शकतं. पूर्वी ही मुदत एकच वर्ष होती, २०२२ मध्ये तीन केली. करारनामा बिल्डरच्या ठरावीक साच्यातला असतो, त्यात हे कलम आपोआप येत नाही. वकिलाला आधी सांगा.

भाडेकरूशी ११ महिन्यांचा करार नोंदवावा लागतो का?

लागतो. "११ महिन्यांच्या कराराला नोंदणी नको" हे दुसऱ्या राज्यांतलं ज्ञान व्हॉट्सअॅपवरून आपल्याकडे आलंय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मुदत कितीही असो, भाडेकरार (लीव्ह अँड लायसन्स) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही आणि उद्या भांडण झालं, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. त्याने सांगितलं की भाडं २४ नव्हे १४ ठरलं होतं, तर सिद्ध तुम्हाला करावं लागेल.

खर्चही फार नाही. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का मुद्रांक. वरच्या उदाहरणात ७५ हजार डिपॉझिट धरलं तर सातशेच्या आत. नोंदणी फी शहरात हजार रुपये. माणूस घरी येऊन अंगठे घेऊन जातो.

नोंदणीचा दुसरा फायदा: मुदत संपल्यावर भाडेकरू हलला नाही तर नेहमीच्या कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तेवढ्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन द्यायलाही विसरू नका.

बारा वर्षं राहिला तर भाडेकरू मालक होतो का?

तुमच्या परवानगीने, करार करून राहतोय तो नाही होत. कागद नसलेल्या दूरच्या भाच्याची मात्र काळजी करा.

सोसायटी भाड्याने दिल्याबद्दल महिन्याला दोन हजार जास्त मागते.

बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. तसंच हस्तांतरणाचं प्रीमियम २५ हजारांच्या वर नाही. आदेशाची प्रत घेऊन सेक्रेटरींकडे शांतपणे जा. ओरडू नका, पुढच्या महिन्यात पार्किंगसाठी त्यांच्याकडेच जायचंय.

पुणे महापालिका हद्दीत आणखी एक गोष्ट आहे. मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते, घर भाड्याने दिलं की ती मिळत नाही. हिशोबात धरून चाला.

भाड्याच्या उत्पन्नावर कर किती?

भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा, उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजा (पावत्या लागत नाहीत), मग कर्जाचं व्याज वजा. मोठं कर्ज असेल तर बहुधा तोटाच दिसतो. जुन्या करप्रणालीत हा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वळता करता येतो, नव्या प्रणालीत येत नाही. "दुसऱ्या घराने टॅक्स वाचतो" हे तुमच्या सहकाऱ्याने ऐकवलं असेल, तर तो जुन्या प्रणालीत आहे का ते आधी विचारा.

विकताना कर किती बसतो?

२४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलं असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के, अधिक उपकर. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला निवासी व्यक्ती जुन्या पद्धतीने, महागाई निर्देशांक लावून २० टक्के असाही हिशोब करू शकते. दोन्ही मांडून कमी येईल तो भरायचा. दुसरं राहतं घर घेतलं किंवा सहा महिन्यांत ठरावीक रोख्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवले तर सूट आहे.

खरेदीच्या वेळचं मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलाली खरेदीकिमतीत धरता येते, पण पावत्या असतील तरच. वीस वर्षांपूर्वीची पावती शोधताना माळ्यावरच्या ट्रंकेत लग्नाचा अल्बम सापडतो, पावती नाही.

कर्ज फिटलं. आता काही करायचं राहतं का?

राहतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायला हवेत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. कागद घ्यायला जाताना कर्ज घेताना दिलेली यादी बरोबर न्या आणि काउंटरवरच एकेक पान जुळवा. करारनाम्याला जोडलेली नोंदणीची मूळ पावती आहे ना ते खास बघा. फाइलीतून नेमकी तीच गळते, आणि दहा वर्षांनी तुमचा खरेदीदार पहिली तीच मागतो. बँकेचा बोजा उतरवल्याचा दस्त करून घ्या, सोसायटीला बँकेचं पत्र देऊन त्यांच्या रजिस्टरमधली नोंदही काढा. आमच्या शाखेत काही फायली कर्ज फिटूनही वर्षानुवर्षं कपाटात पडून असायच्या, न्यायला कोणी आलंच नव्हतं.